कवडसा आणि गवाक्ष
प्रस्तावना

मेढ्यातील जुन्या कौलारू घरात ज्याचे बालपण गेले, त्याला कवडसा म्हणजे काय हे समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. दुपारच्या वेळी माजघरात अंधार दाटलेला असावा, दोन कौलांमधल्या एखाद्या वेड्यावाकड्या फटीतून उन्हाची तिरीप आत उतरावी, तिच्यात धूलिकण तरंगावेत आणि सारवलेल्या जमिनीवर एक तेजस्वी चकती उमटून ती घटकेघटकेने सरकत जावी, हे दृश्य आम्ही सर्वांनीच पाहिले आहे. परंतु वरची फट त्रिकोणी असो, चौकोनी असो की कशीही तुटलेली असो, खालची चकती मात्र वाटोळीच, आणि ऊन तिरपे असेल तर फार तर लंबगोल, का उमटते हा प्रश्न आमच्यापैकी फारच थोड्यांना पडला. मला तो पडला २४ ऑक्टोबर १९९५ रोजी, आश्विन अमावास्येच्या सकाळी. त्या दिवशी सूर्यास ग्रहण लागले होते. उत्तर भारतात ते खग्रास होते, आपल्याकडे खंडग्रास. वडिलधाऱ्यांनी आम्हा मुलांना घराबाहेर पडू दिले नव्हते, म्हणून आम्ही आतच बसून होतो, आणि बसल्या जागी पाहतो तो पूर्वेकडच्या कौलांतून येऊन पश्चिमेच्या भिंतीवर उमटणाऱ्या एकूण एक कवडशांच्या कोरी झालेल्या होत्या. भिंतीवर लहान लहान चंद्रकोरींचा जणू सडा पडला होता. ती चकती फटीची आकृती नसून प्रत्यक्ष सूर्याचे चित्र असते, आणि आमचे माजघर हे एक कॅमेरा असते, ही गोष्ट त्या सकाळी कोणी न शिकविता कळली.

त्यानंतर पुष्कळ वर्षांनी हिशेब केला, तेव्हा तोही बिनचूक जुळला. सूर्याचे आपल्यापासूनचे अंतर त्याच्या व्यासाच्या सुमारे १०७ पट आहे. म्हणून लहान छिद्रातून पडणाऱ्या त्याच्या प्रतिमेचा व्यास हा छिद्र व भिंत यांच्यातील अंतराचा १०७ वा भाग असला पाहिजे, आणि दहा फुटांवरच्या भिंतीवर तो एक इंचाहून किंचित अधिक भरतो. ज्याच्या घराला अद्याप कौले आहेत, त्याने फूटपट्टी घेऊन हे मोजून पाहावे. प्रकाशशास्त्राचा पहिला धडा घेण्यासाठी यापेक्षा अधिक साहित्य लागत नाही.

प्रस्तुत पुस्तिकेचा विषय कॅमेऱ्यातील हेच छिद्र आहे. ते काय करते, ते लहान-मोठे केल्याने चित्रात कोणते फेरफार होतात, आणि इच्छेनुरूप लहान-मोठे होणारे असे एक यांत्रिक छिद्र साध्या हत्यारांनी घरच्या घरी कसे बनवावे, एवढ्याच मर्यादेत ती लिहिली आहे. आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा असताना या विषयाचे प्रयोजन काय, अशी शंका घेतली जाणे स्वाभाविक आहे. तिला माझे उत्तर असे की खिशातल्या कॅमेऱ्यात हे छिद्र बहुधा कायमचे एकाच मापाचे असते आणि उरलेले काम गणनयंत्र परस्पर उरकते. त्यामुळे चित्रे विपुल निघतात, परंतु चित्र काढणाऱ्याला कशाच्या बदल्यात काय मिळाले याचा थांगपत्ता लागत नाही. भिंग घरी घासणे दुष्कर आहे, प्रकाशसंवेदी पट्टी घरी करणे त्याहून दुष्कर, आणि सेकंदाच्या पाचशेव्या भागात उघडमीट करणारा पडदा तर निष्णात कारागिराचीच परीक्षा पाहणारा. परंतु आठ पाती आणि दोन कडी यांची ही रचना तालुक्याच्या गावी, पितळी पत्रा, कानस आणि कंपास यांच्या बळावर सिद्ध करता येते. संपूर्ण कॅमेऱ्यात हाताने करून पाहण्याजोगा आणि केल्याने कळण्याजोगा असा हा एकच अवयव आहे, आणि म्हणून शिक्षणाच्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा आहे, असे माझे ठाम मत आहे.

नावाविषयी चार शब्द लिहिणे अवश्य आहे. छायाचित्रकार मंडळी त्याला सर्रास ॲपर्चर म्हणतात, जुने लोक स्टॉप म्हणत, आणि पाठ्यपुस्तकांत ‘छिद्र’ हा शब्द योजलेला आढळतो. मी या पुस्तिकेत ‘छिद्र’ हाच शब्द सर्वत्र वापरला आहे, कारण तो निःसंदिग्ध आहे. परंतु त्याची उघडझाप करणाऱ्या संपूर्ण यंत्रणेला मी ‘गवाक्ष’ म्हटले आहे. गवाक्ष म्हणजे झरोका, आणि त्याचा मूळ अर्थ गाईचा डोळा. भिंतीतल्या वाटोळ्या झरोक्याला डोळ्याचे नाव देणाऱ्या आपल्या पूर्वजांनी खिडकी आणि डोळा यांतील साम्य केव्हाच ओळखले होते, आणि आपल्या या यंत्रणेचे तर डोळ्याशी नाते केवळ शब्दापुरते नाही. ते कार्याचे आहे. आपल्या बुबुळातील रंगीत पडदा उन्हात आवळतो आणि अंधारात सैल होतो. त्याच्या मध्यावरची बाहुली तरुण वयात सुमारे २ मिलिमीटरपासून ८ मिलिमीटरपर्यंत विस्तारू शकते, म्हणजे व्यासाने चौपट आणि क्षेत्रफळाने सोळापट. धातूच्या गवाक्षाला याहून अधिक करावे लागते, हे पुढे दिसेल.

प्रकाशाचे मोजमाप समजण्यासाठी आपल्या शेतकऱ्याचे एक काम डोळ्यांपुढे आणावे. पाटाला पाणी सुटले की तो दारे धरतो. बांध फोडून पाणी वाफ्यात घेतो आणि वाफा भरला की दारे मोडून पुढच्या वाफ्याकडे वळवितो. वाफ्यात पाणी किती पडले हे दोन गोष्टींवर अवलंबून असते, दार किती रुंद फोडले आणि किती वेळ उघडे ठेवले. रुंद दार थोडा वेळ ठेवले काय किंवा अरुंद दार अधिक वेळ ठेवले काय, वाफा सारखाच भरतो. परंतु रुंद दाराने माती वाहून जाते आणि अरुंद दाराने दिवस मोडतो, म्हणून कोणत्या पिकाला कोणता मार्ग योग्य हे ठरविण्यातच त्याचे कसब असते. कॅमेऱ्यातील वाफा म्हणजे प्रकाश झेलणारी पट्टी, दार म्हणजे छिद्र, आणि वेळ मोजणारा तो पडदा. एवढे ध्यानात ठेवले म्हणजे छायाचित्रणाच्या अर्ध्या शास्त्राचा उलगडा होतो.

आता दाराची रुंदी कशी मोजावी? केवळ व्यास सांगून भागत नाही. भिंगाचे नाभीय अंतर वाढले की तोच प्रकाश अधिक मोठ्या चित्रावर पसरतो आणि चित्र मंद होते. म्हणून छिद्राचा व्यास नाभीय अंतराच्या प्रमाणात सांगावा लागतो. नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागून जो आकडा येतो, तोच एफ-क्रमांक. भिंगाचे नाभीय अंतर ८० मिलिमीटर आणि छिद्र ४० मिलिमीटर असेल तर एफ/२, आणि छिद्र ५ मिलिमीटर असेल तर एफ/१६. क्रमांक वाढला की छिद्र लहान होते, ही नवशिक्याला गोंधळविणारी गोष्ट भागाकार ध्यानी घेतल्यावर आपोआप सुटते. भिंगाच्या कड्यावर कोरलेले १, १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ हे आकडे प्रथमदर्शनी लहरी वाटतात. परंतु त्यांतील प्रत्येक आकडा मागल्या आकड्याला दोनाच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४१४ ने, गुणून आलेला आहे. वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे बदलते. सबब व्यासाला वर्गमूळ दोनने भागले की क्षेत्रफळ नेमके निम्मे होते, आणि म्हणून प्रत्येक पायरीला प्रकाश निम्मा होतो. एफ/२ पासून एफ/१६ पर्यंत अशा सहा पायऱ्या आहेत. सहा वेळा निम्मे करीत गेले की चौसष्टावा भाग उरतो. आमच्या पुस्तिकेतील गवाक्ष एवढाच पल्ला गाठते, आणि डोळ्याच्या सोळापटीशी तुलना करता तो अल्प नाही.

परंतु छिद्राचे काम केवळ प्रकाश मोजून देण्याचे असते, तर त्याच्यासाठी एवढा खटाटोप कोणी केला नसता. वेळ कमी-अधिक करूनही ते साधले असते. त्याचे दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे. भिंग एका वेळी एकाच अंतरावरील वस्तू काटेकोर स्पष्ट दाखविते; तिच्या पुढच्या व मागच्या वस्तूंचा प्रत्येक बिंदू चित्रात चकती होऊन उमटतो. छिद्र मोठे असले की भिंगाच्या कडांवरून येणारे किरण रुंद कोनात एकत्र येतात आणि ती चकती मोठी होते. छिद्र आवळले की किरणांचा शंकू निमुळता होतो, चकती लहान होते, आणि पुढचे-मागचे पुष्कळसे दृश्य स्पष्टतेच्या कक्षेत येते. या कक्षेला स्पष्टतेची खोली म्हणतात.

मेढ्याच्या माणसाला या गोष्टीचा साक्षात्कार कासच्या पठारावर होतो. पावसाळा सरता सरता त्या कातळावरच्या मातीच्या पातळ थरात फुले येतात. जागतिक वारसा म्हणून पश्चिम घाटाचा २०१२ मध्ये स्वीकार झाल्यापासून त्यांची कीर्ती दूरवर गेली आहे, आणि भाद्रपदात कॅमेरे गळ्यात घातलेल्या लोकांची तेथे रीघ लागते. त्यांतील सीतेची आसवे हे निळसर जांभळे फूल नखाएवढे असते. ते निम्म्या आकारात चित्रपट्टीवर घ्यावयाचे आणि चकतीची मर्यादा ०.०३ मिलिमीटर धरावयाची, असे गणित मांडले तर एफ/२.८ ला स्पष्टतेची खोली जेमतेम १ मिलिमीटर येते. पाकळीची कड स्पष्ट आली तर देठ विरून जातो. एफ/१६ ला ती पावणेसहा मिलिमीटरांच्या आसपास जाते आणि फूल समग्र दिसू लागते. परंतु या दोहोंत पाच पायऱ्यांचे, म्हणजे प्रकाशाच्या बत्तीसपटीचे अंतर आहे. जे चित्र एफ/२.८ ला सेकंदाच्या पाचशेव्या भागात निघत होते, त्याला आता पंधराव्या भागाची मुदत द्यावी लागते, आणि पठारावरचा वारा तेवढा वेळ फुलाला स्वस्थ उभे राहू देत नाही. मग वाऱ्याची झुळूक थांबेपर्यंत गुडघे टेकून वाट पाहावी, की मोठे छिद्र ठेवून एका पाकळीवर समाधान मानावे, याचा निर्णय यंत्राने नव्हे, माणसाने घ्यावयाचा असतो. फुलावर त्याचे प्रेम किती आणि त्याला त्यातले नेमके काय दाखवावयाचे आहे, यावर तो अवलंबून असतो.

येथे कोणी म्हणेल की वाऱ्याची अडचण नसेल तेथे छिद्र शक्य तितके आवळावे म्हणजे झाले. निसर्गाने या मार्गातही एक सीमा घालून ठेवली आहे. प्रकाश हा तरंगरूप आहे, आणि कोणताही तरंग अरुंद वाटेतून गेला की पलीकडे पसरतो. त्यामुळे उत्तमोत्तम भिंगसुद्धा एका बिंदूचे चित्र बिंदूरूपाने देऊ शकत नाही. ते एका इवल्या चकतीच्या रूपाने देते. एअरी या इंग्रज ज्योतिर्विदाने १८३५ मध्ये या चकतीचे गणित सिद्ध केले. तिचा व्यास प्रकाशाच्या तरंगलांबीला एफ-क्रमांकाने आणि २.४४ ने गुणून मिळतो. वरच्या फुलाच्या उदाहरणात भिंग पुढे ओढावे लागल्यामुळे एफ/१६ हा परिणामतः एफ/२४ होतो, आणि हिरव्या प्रकाशासाठी चकतीचा व्यास ०.०३२ मिलिमीटर भरतो. ज्या ०.०३ च्या मर्यादेसाठी आपण छिद्र आवळीत आलो, ती मर्यादा या आवळण्यानेच ओलांडली! याच कारणाने भिंगाविना केवळ सुईच्या छिद्रावर चालणाऱ्या कॅमेऱ्यातही छिद्र वाटेल तेवढे बारीक करून चालत नाही. पट्टी १०० मिलिमीटर दूर असेल तर साधारण ०.४५ मिलिमीटरचे छिद्र सर्वांत स्पष्ट चित्र देते, त्याहून मोठे असो की लहान, चित्र पुसटच होत जाते. मोकळेपणाला किंमत पडते तशी संकोचालाही पडते, आणि योग्य माप या दोहोंच्या मध्ये कोठेतरी असते. ते कोठे आहे हे मोजल्याखेरीज कळत नाही. या पुस्तिकेतून वाचकाच्या हाती काही उरावे अशी माझी इच्छा असेल, तर ती हीच एक गोष्ट होय.

इतिहासाकडे वळताना विस्तार टाळतो. अंधाऱ्या खोलीतील छिद्रातून बाहेरचे दृश्य उलटे उमटते, याचे पद्धतशीर विवेचन इब्न अल-हैथम या अरब पंडिताने अकराव्या शतकात केले. आपल्या शेजारी हंपीला विरूपाक्षाच्या मंदिरात गोपुराची उलटी छाया भिंतीवर पडते, ती यात्रेकरू आजही नवलाने पाहतात; तीही याच न्यायाने पडते. छायाचित्रणाचा आद्य प्रवर्तक न्येप्स याने १८२० नंतरच्या दशकात आपल्या एका पेटीत पात्यांचे आवळणारे छिद्र बसविले होते, म्हणजे ही कल्पना छायाचित्राच्या जन्माइतकीच जुनी आहे. तथापि पुढे बराच काळ लोकांनी सोपा मार्ग पत्करला. हॅलिफॅक्स येथील जॉन वॉटरहाउस याने १८५८ मध्ये निरनिराळ्या मापांची भोके पाडलेल्या धातूच्या पट्ट्या भिंगाच्या नळीत खाचेतून सरकविण्याची पद्धत रूढ केली, आणि छायाचित्रकार त्या पट्ट्यांची थैली जवळ बाळगू लागले. पात्यांचे गवाक्ष पुढे सर्वत्र आले आणि त्या पट्ट्या हळूहळू अडगळीत गेल्या. परंतु ज्याला या पुस्तिकेतील मुख्य रचना प्रथमच अवघड वाटेल, त्याने वॉटरहाउसच्या पट्ट्यांपासून आरंभ करावा, म्हणून दुसरे प्रकरण त्यांना दिले आहे.

यंत्र विकत घेऊन चालविणे आणि यंत्र समजून घेऊन घडविणे, या दोन्ही परंपरा मराठी मुलखात आहेत. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावेदादा म्हणत, त्यांनी परदेशातून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईत एका कुस्तीचे चलच्चित्र घेतले. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये विलायतेस जाऊन कॅमेरा घेऊन आले, आणि भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी प्रथम रुजणाऱ्या अंकुराच्या वाढीचे चित्र घेतले; १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा. परंतु माझ्या मनाला अधिक ओढ आहे ती कोल्हापूरच्या बाबुराव पेंटरांची. जन्माने बाबुराव कृष्णराव मिस्त्री, वृत्तीने चित्रकार आणि शिल्पी; त्यांनी आणि त्यांचे बंधू आनंदराव यांनी कॅमेरा स्वतःच बनवावयाचा असा ध्यास घेतला. आनंदराव १९१६ मध्ये अकाली निवर्तले. बाबुरावांनी आपले सहकारी दामले यांच्या साहाय्याने ते काम तडीस नेले, आणि त्या कोल्हापुरी कॅमेऱ्यावर घेतलेला ‘सैरंध्री’ हा चित्रपट १९२० मध्ये लोकांपुढे आला. जेथे कारखाना नव्हता, सुटे भाग नव्हते, विचारावयास माहितगार माणूसही नव्हता, तेथे कलावंताच्या हातांनी दात्यांची चाके कापली आणि फिल्म ओढणारी यंत्रणा सिद्ध केली, ही गोष्ट आमच्या शाळांतून पुरेशी सांगितली जात नाही याचे मला दुःख आहे. मेढ्याहून कोल्हापूर फार दूर नाही. बाबुरावांनी संपूर्ण कॅमेरा केला. आपण त्यातला एक अवयव करू शकत नाही, असे कोणी म्हणू नये.

आता त्या अवयवाची रचना थोडक्यात सांगतो; तपशील आणि आकृत्या पुढील प्रकरणांत आहेत. गवाक्षाचे चार भाग असतात: स्थिर राहणारे तळकडे, आठ पाती, पाती हलविणारे फिरते कडे, आणि हे सर्व सामावून घेणारे घर. तळकड्याच्या मध्ये ४० मिलिमीटरचे भोक आणि त्याभोवती ५० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर, ४५-४५ अंशांवर, आठ बारीक भोके पाडावयाची. प्रत्येक पाते म्हणजे १० मिलिमीटर रुंदीची एक कमान, जिची आतली त्रिज्या २० आणि बाहेरची ३० मिलिमीटर. तिच्या दोन्ही टोकांना एकेक खुंटी, परंतु परस्परविरुद्ध बाजूंना, आणि दोन खुंट्यांमधील कमानीचा कोन १५० अंशांचा. खालची खुंटी तळकड्याच्या भोकात बसते, आणि पाते तिच्याभोवती फिरते. वरची खुंटी फिरत्या कड्याच्या अरीय खाचेत शिरते. कडे फिरविले की खाचेची भिंत वरच्या खुंटीला रेटते, पाती एकसमयावच्छेदे मध्याकडे झुकतात, आणि आठ कमानींच्या आतल्या कडा मिळून जो अवकाश घेरतात तेच छिद्र. खुंट्या किती लांब सरकतात हे कागदावर आखून पाहता, खाचा मध्यापासून २२.५ ते २९ मिलिमीटरपर्यंत असाव्यात असे निघते, आणि पात्यांची टोके बाहेरच्या अंगाला ३३ मिलिमीटरपर्यंत जातात म्हणून घराचा आतला व्यास ७० मिलिमीटर ठेवावा लागतो. खाचा चुकून आत घेतल्या तर त्या पूर्ण उघड्या छिद्रात डोकावतात; हा दोष पत्रा कापल्यावर सुधारत नाही, म्हणून आकृती आधी कागदावर काढावी असा माझा आग्रह आहे.

आपल्या जुन्या गणितातील ‘ज्या’चा, म्हणजे साइनचा, उपयोग येथे होतो. पाते आपल्या खुंटीभोवती जेवढ्या अंशांनी फिरले, त्याच्या निम्म्याची ज्या घ्यावी, तिला ५० ने गुणावे आणि तो गुणाकार २० तून वजा करावा. जे उरते ती छिद्राची त्रिज्या, मिलिमीटरमध्ये. पाते सुमारे ४१ अंश फिरले की त्रिज्या अडीच मिलिमीटर उरते, म्हणजे ८० मिलिमीटरच्या भिंगासाठी एफ/१६. या गणिताने एक चमत्कारिक गोष्ट उघड होते. कडे फिरविण्याच्या सहा पायऱ्या सारख्या अंतरावर येत नाहीत. पहिल्या पायरीला कडे २७ अंश फिरवावे लागते, आणि त्यापुढे क्रमाने २०, १३, ९, ६ आणि शेवटी अवघे ४ अंश पुरतात. जुन्या भिंगांच्या कड्यावर मोठे आकडे दाटीवाटीने का बसलेले असतात, याचे कारण पुस्तकात वाचून मला कळले नव्हते. ते स्वतः केलेल्या कड्यावर रेघा मारताना कळले. आठ पात्यांनी घेरलेले छिद्र अगदी वर्तुळ नसून कमानींच्या कडांची अष्टकोनसदृश आकृती असते, तरी शुद्ध वर्तुळाशी त्याच्या क्षेत्रफळाची तफावत साडेपाच टक्क्यांच्या आतच राहते, म्हणजे पायरीच्या लहानशा अंशाएवढी. त्या आठ कोपऱ्यांची खूण मात्र रात्रीच्या चित्रात दिसते. दीपमाळेचे चित्र छिद्र आवळून घेतले की प्रत्येक ज्योतीभोवती आठ किरणांची तारका उमटते; पाती सात असती तर तिला चौदा किरण फुटले असते.

साहित्याविषयी माझा अनुभव सांगणे कर्तव्य आहे. कडी पितळेची करावी, पाती एक दशांश मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची. त्याहून जाड पत्रा घेतला की एकावर एक चढणाऱ्या पात्यांची थप्पी कड्यांच्या मध्ये मावत नाही. पाती बसविताना सात सहज बसतात आणि आठवे अडते, कारण त्याचे एक टोक सातव्याच्या वर आणि दुसरे पहिल्याच्या खाली जावे लागते. तेथे घाई करणाऱ्याच्या हातून पात्याला मोड पडतो आणि मोडलेले पाते पुन्हा सरळ होत नाही. माझ्या पहिल्या गवाक्षाची पाती जरा घट्ट चालत होती म्हणून मी त्यांत शिवणयंत्राचे तेल सोडले. दोन दिवस ती लोण्यासारखी फिरली, आणि महिन्याभरात तेलात धूळ बसून सर्व पाती एकमेकांस चिकटून गेली. पाती कोरडीच चालली पाहिजेत. घर्षण कमी करावयाचे असेल तर शिसपेन्सिलीतले ग्राफाइट कुटून त्याची पूड बोटाने चोळावी. शेवटी सर्व आतला भाग काळा आणि निस्तेज करावा, कारण चकाकणाऱ्या पात्यावरून परावर्तित झालेला प्रकाश चित्रावर धुके आणतो. चांगला रंग मिळेपर्यंत मी ते काम दिव्याच्या काजळीवर निभावले.

ही पुस्तिका तडीस गेली ती एकट्याच्या श्रमांनी गेली नाही. भांड्यांच्या पितळेवर ठोके घालीत ज्यांचे आयुष्य गेले त्या वृद्ध तांबटाने मला पत्रा न ताणता सपाट कसा ठेवावा हे दाखविले. मापे मिलिमीटरच्या दशांशात सांगितल्यावर तो हसला नाही, त्याने फक्त डोळ्यांजवळ नेऊन पाहिले आणि बरोबर केले. तहसील कचेरीत दप्तर सांभाळणाऱ्या माझ्या एका स्नेह्याने आकृत्या स्वच्छ हाताने उतरवून दिल्या. शाळेतील मुलांनी मसुद्याबरहुकूम पाच गवाक्षे करून पाहिली, त्यांतील दोन फसली, आणि त्या दोहोंनी मला जेवढे शिकविले तेवढे उरलेल्या तिहींनी शिकविले नाही. तिसऱ्या प्रकरणाचा निम्मा भाग त्या फसलेल्या दोन प्रयत्नांतून जन्मास आला आहे. या सर्वांचा मी ऋणी आहे.

वाचकाला एकच विनंती करून ही प्रस्तावना आवरती घेतो. पहिल्या प्रकरणाकडे वळण्यापूर्वी त्याने एक दिवस राखून ठेवावा. स्वच्छ उन्हाच्या वेळी, ज्या खोलीच्या खिडकीसमोर उन्हात उजळलेला डोंगर आहे ती खोली निवडावी, दारे लावून घ्यावीत, खिडकीवर काळा जाड कागद पक्का बसवावा आणि त्याला २० मिलिमीटरचे भोक पाडून समोर पांढरे धोतर ताणून धरावे. धोतरावर उजेड पुष्कळ दिसेल, डोंगर दिसणार नाही. मग भोकावर १० मिलिमीटरचे भोक असलेली चिठ्ठी लावावी, आणि त्यानंतर ५ मिलिमीटरची. दर वेळी उजेड चौथ्या हिश्शावर येईल, आणि दर वेळी डोंगराची कड अधिक ठळक होत जाईल, उलटी, आकाश खाली आणि वेण्णाकाठची शेते वर. डोळे अंधाराला सरावेपर्यंत धीर धरून बसावे. ज्याने हे एकदा पाहिले, त्याला पुढील पाने जड जाणार नाहीत.

मेढा, तालुका जावळी, जिल्हा सातारा
भाद्रपद